माडीवरच्या खिडकीचे गज काढू का?

प्रश्न: साताऱ्यात व्यंकटपुरा पेठेत आमचा जुना वाडा आहे. माडीवरची एक खोली आता मुलांना द्यायची आहे. मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीच. खोलीला दोन खिडक्या: एक रस्त्याकडची, दुसरी आतल्या चौकातल्या पडवीच्या पत्र्यावर उघडणारी. खिडकीचा कट्टा जमिनीपासून जेमतेम दीड फूट. खालच्या झडपा लाकडी, वरच्या तावदानांच्या, बाहेरून उभे लोखंडी गज. इंग्लंडमध्ये नणंदेच्या जुन्या घरात वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या आहेत. तिने नुकत्याच नव्या बसवल्या. तशाच यूपीव्हीसीत, म्हणजे कडक प्लास्टिकमध्ये, कराव्यात असं आमच्या ह्यांचं म्हणणं. कंत्राटदार म्हणतो, चौकटीसकट सगळं काढा, अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग आणि मच्छरजाळी लावू, गज गेले की उजेड वाढेल. सासूबाईंना दोन्ही नको आहे. मुलांसाठी काय बरं?
— एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, गज काढू नका. कंत्राटदाराला हे आजच कळवा, बाकीचं सावकाश ठरवता येईल.

दीड फुटाच्या कट्ट्यावर अडीच वर्षांचं मूल कुणाच्या मदतीशिवाय चढतं. तिथे स्लायडिंग सरकली की मूल आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त जाळी उरते. मच्छरजाळी डास अडवते, मुलाचा भार घेत नाही. टेकलं की ती चौकटीतून सुटते. वाड्यांची दुरुस्ती करताना गज कापलेल्या माड्या मी बघते, तेव्हा त्या घरात लहान मूल आहे का हेच आधी विचारते.

पण आहेत ते गज पुरेसे आहेत का, हे टेप लावून बघा. दोन गजांमधली मोकळी जागा चार इंचांहून जास्त नको. जास्त असेल तर मध्ये एकेक गज वाढवून घ्या. प्रत्येक गज हाताने हलवून पाहा. पावसाचं पाणी मुरून खालचं लाकूड कुजतं आणि गज नुसता टेकलेला राहतो. नवं काम उभ्या गजांचंच करा. आडव्या पट्ट्यांची नक्षी म्हणजे मुलांना आयती शिडी.

गजांना एक धोका मात्र आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी लोक विचारात घेतात. आग लागली, जिन्यात धूर भरला, तर बाहेर पडायचं कुठून? चौकाकडच्या खिडकीखाली पडवी आहे, म्हणून त्या एकाच खिडकीत गजांचा काही भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्या. ब्रिटनच्या नियमात सुटकेच्या खिडकीची मोकळी जागा रुंदीला आणि उंचीला किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट, आणि एकूण किमान ०.३३ चौरस मीटर लागते. तेवढं माप इथेही धरा. कडी आतून, मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर. कुलूप लावू नका, धुरात किल्ली सापडत नाही. पडवीचा पत्रा आणि वासे माणसाचं वजन पेलतात का, हेही सुताराकडून बघून घ्या.

आता नणंदेच्या खिडक्या. जुन्या सॅश खिडकीत चौकटीच्या पोकळीत वजनं असतात, दोर कप्पीवरून जातो, त्या तोलावर काचेची झडप वर-खाली होते. दोर तुटला की झडप धाडकन खाली येते, खाली बोटं असली तर चिरडतात. नव्या खिडक्यांत स्प्रिंग असते, आणि मुलांच्या खोलीत खालची झडप शंभर मिलिमीटरच्या पुढे उघडू नये म्हणून अडकण बसवतात. वरची झडप खाली ओढून हवा घ्यायची, खालची बंद ठेवायची, ही त्या खिडकीची खरी सोय. ती तुमच्या खिडकीत आधीपासून आहे! खालच्या लाकडी झडपांना वरच्या बाजूला कडी बसवा, मुलं एकटी असताना त्या लावलेल्या राहू द्या, हवा-उजेड वरच्या झडपांतून घ्या. शिवाय जुन्या भिंती बसतात, आणि १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने आपल्या जिल्ह्यातली जुनी घरं हलली आहेत. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. त्यांत फरक निघाला तर सरळ रुळावर सरकणारी कोणतीही खिडकी त्यात अडकत राहणार. आणि मातीच्या भिंतीतली चौकट उखडली की वरचं लाकडी लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारं आडवं लाकूडही हलतं.

म्हणून चौकट तीच ठेवा, कुजलेला भाग कापून तिथे सागवानाचा जोड द्या. वरच्या तावदानांची साधी काच काढून टफन काच घाला. ती फुटली तर बारीक, बोथट तुकडे होतात, सुरीसारखे नाही. टफन केल्यावर काच कापता येत नाही, त्यामुळे प्रत्येक तावदानाचं माप वेगळं घ्या. जुन्या वाड्यात दोन तावदानं सहसा सारखी नसतात. झडपा आत उघडत असतील तर भिंतीला हूक हवेतच, आषाढातल्या वाऱ्याने झडप आपटते ती नेमकी मुलांच्या बोटांवर.

जुना रंग खरवडताना जपा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आहे, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूला अपाय करते. लाकूड ओलं करून खरवडायला सांगा. कोरडा पॉलिश पेपर नको, ब्लो लॅम्पही नको. काम संपून खोली ओल्या फडक्याने दोनदा पुसून होईपर्यंत मुलांना आजोळी पाठवा.

खिडकीखाली दिवाण किंवा अभ्यासाचं टेबल ठेवू नका. पडदे साधे, दांडीवरचे. दोरी ओढायचे ब्लाइंड्स नकोत, ती दोरी मुलाच्या गळ्यात अडकते. जाळी हवीच असेल तर गजांच्या आत, वेगळ्या फ्रेमवर लावा, आणि चौकाकडच्या खिडकीला चटकन निघणारी घ्या.