टेस्ट पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत पिशवी रिकामी. ४८ तास थांबायचं का?

तुम्ही लिहिलंय: बायकोची पाळी बारा दिवस लांबली, युरिन टेस्ट पॉझिटिव्ह, थोडं स्पॉटिंग, सोनोग्राफीत पिशवीत काही नाही, बीटा एचसीजी (रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन) ९००. डॉक्टर ४८ तासांनी परत रक्त तपासू म्हणाले, आणि घरच्यांना वाटतंय ते वेळ काढतायत.

वेळ काढत नाहीयेत. मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करतो, मीही हेच सांगितलं असतं. ९०० ला गर्भ पिशवीत असला तरी बहुतेक वेळा दिसत नाही. साधारण १५०० ते २००० च्या पुढे, तेही खालून केलेल्या सोनोग्राफीत, दिसू लागतो. म्हणजे आज तो लहान असेल, पडून जात असेल किंवा पिशवीऐवजी गर्भनलिकेत, म्हणजे नळीत, असेल. ४८ तासांत आकडा निदान निम्म्याने वाढायला हवा, म्हणजे १३५० च्या आसपास. तिथेच रेंगाळला तर नळीचा संशय वाढतो. नीट वाढला तरी गर्भ पिशवीत दिसेपर्यंत निर्धास्त व्हायचं नाही.

रेसिडेन्सीतली एक रात्र सांगतो. जुलाब होतायत म्हणून एक बाई आली होती, संडासात दोनदा चक्कर येऊन पडलेली. गॅस्ट्रो म्हणून सलाईन चालू. नाडी १२०, मीही डिहायड्रेशनच समजलो. पाळीचं विचारलं तर म्हणाली, "आत्ताच येऊन गेली." मी निघालो होतो, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, उताणी झोपवली की खांदा दुखतो म्हणते." टेस्ट केली, दोन रेषा. पोटात सुई घातली तर सिरिंजमध्ये काळपट रक्त आलं, आणि ट्रेमध्ये ठेवलं तरी गोठेना. पोट उघडलं तेव्हा नळी फुटलेली, आत दीड लिटरच्या वर रक्त. जुलाब नव्हतेच, खाली साचलेल्या रक्तामुळे सारखी संडासची कळ येत होती. खांदा दुखत होता तो रक्त वर डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, लागल्यामुळे. आणि येऊन गेलेली ती पाळी नव्हती. बाई वाचली, श्रेय सिस्टरांचं.

म्हणून हे दोन दिवस थांबा, पण ऑपरेशनची सोय असलेल्या गावात. माहेरी पाठवू नका, घरी एकटी ठेवू नका. एका बाजूला ओटीपोटात कळ, खांदेदुखी, घेरी, घाम, सारखी संडासला जाण्याची भावना, यातलं काहीही झालं तर १०८ लावा आणि थेट हॉस्पिटल गाठा, रिपोर्टची वाट बघू नका. बीपी चांगलं आहे म्हणून थांबू नका. तरुण बाईचं बीपी फार उशिरा पडतं, नाडी आधी पळते.

मेडिकलमधून गर्भपाताचं किट आणायचं तर नावच काढू नका. नळीतल्या गर्भावर त्याचा उपयोग नाही, वरून रक्त गेलं की आपण समजतो सगळं झालं, आणि नळी आत फुटते.

नळीतच निघाला तरी दर वेळी ऑपरेशन लागतं असं नाही. नळीतली गर्भाची गाठ साडेतीन सेंटिमीटरच्या आत, गर्भाचे ठोके नाहीत, एचसीजीचा आकडा कमी आणि बाई स्थिर असेल, तर गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन चालतं. ते द्यायचं ठरलं तर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करायला मात्र विसरू नका, नाहीतर औषधाचा असर कमी होतो. आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना अँटी-डीबद्दल (पुढच्या गरोदरपणात बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन) आत्ताच विचारून ठेवा.