शरीराने कधीच न पाहिलेल्या विषाणूवर नेमकी बसणारी अँटीबॉडी तयार होते तरी कशी? आणि लशीनंतर दोन आठवडे थांबायला का सांगतात?

विषाणू आत येतो, शरीर त्याचा आकार पाहतं आणि त्या मापाची अँटीबॉडी घडवतं, असं तुम्ही धरून चालला आहात. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गातही बहुतेकांचा हाच समज असतो. घडतं मात्र उलट. त्या विषाणूला चिकटू शकणारी बी-पेशी (अँटीबॉडी बनवणारी पांढरी पेशी) बहुधा आधीच अंगात फिरत असते. विषाणू फक्त तिची निवड करतो.

मग इतक्या तऱ्हेच्या बी-पेशी येतात कुठून? प्रथिनं बनवणारी आपली जनुकं जेमतेम २०,००० आणि अँटीबॉडीचे प्रकार अब्जावधी. १९७६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये सुसुमु टोनेगावा या शास्त्रज्ञांनी उंदराच्या गर्भातला डीएनए आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या कर्कपेशींचा डीएनए ताडून पाहिला. गर्भात दूरदूर असलेले जनुकाचे तुकडे त्या पेशींत जवळ आले होते. म्हणजे बी-पेशी स्वतःचाच डीएनए कापते आणि जोडते! १९८७ चं नोबेल त्यांना याच शोधासाठी मिळालं.

हे काम अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात चालतं. प्रत्येक अँटीबॉडी प्रथिनाच्या जड आणि हलक्या साखळ्यांची बनलेली असते. अँटीबॉडीच्या जड साखळीसाठी १४व्या गुणसूत्रावर 'व्ही' जातीचे साधारण ४०, 'डी'चे २३ आणि 'जे'चे ६ उपयोगी तुकडे असतात. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं डीएनए कापतात आणि प्रत्येक जातीतला एकेक तुकडा शेजारी येतो. एवढ्यानेच साडेपाच हजार जुळण्या झाल्या. हलक्या साखळीशी जोड्या लावल्या की आकडा लाखांत जातो. पण मला सर्वांत थक्क करतो तो हे तुकडे जुळतात तिथला सांधा. तिथे टीडीटी नावाचं एन्झाइम कुठलाही नमुना समोर नसताना डीएनएची अक्षरं घुसडत जातं, आणि विषाणूला भिडणारा अँटीबॉडीचा एक मोक्याचा भाग याच सांध्यातून घडतो. कित्येक जोडण्या अर्थातच फुकट जातात. स्वतःच्याच शरीराला चिकटणाऱ्या बऱ्याच पेशी अस्थिमज्जेतच बाद होतात. रॅग जनुकंच निकामी असलेल्या बाळात बी-पेशी आणि त्यांना मदत करणाऱ्या टी-पेशी (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) दोन्ही तयार होत नाहीत. साधा संसर्गही त्याच्या जिवावर बेततो.

आता ते दोन आठवडे. नेमकी जुळणारी पेशी सुरुवातीला फार विरळा असते. तिला लसिकाग्रंथीत (काखेत, मानेत असणाऱ्या गाठींत) लशीतून आलेला विषाणूचा अंश भेटावा लागतो, टी-पेशीची मदत मिळावी लागते, मग ती दुपटीने वाढते. त्या वाढीत तिच्या अँटीबॉडी-जनुकात मुद्दाम बदल होत राहतात आणि अधिक घट्ट चिकटणाऱ्या पेशीच पुढे टिकतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून ते दोन आठवडे. दुसऱ्या डोसच्या वेळी अशा निवडलेल्या स्मृतिपेशी तयारच असतात, म्हणून तेव्हा प्रतिसाद लवकर आणि जोरात येतो.