विडी, गोळी आणि जनुके: मनोविकारांबाबत वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (खानापूर तालुका): माझ्या सख्ख्या बहिणीने तिच्या धाकट्या मुलासाठी आमच्या मुलीला मागणी घातली आहे. मुलगा ३१ वर्षांचा, नोकरीला, स्वभावाने शांत. पण त्याच्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मनोविकार) आहे. हा आजार घराण्यात उतरतो म्हणतात. लग्नाआधी जनुक चाचणी करून घ्यावी का?

उत्तर: ती चाचणी करू नका, पैसे वाया जातील. आधी आकडे पाहू. स्किझोफ्रेनिया साधारण १०० पैकी १ माणसाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर हे प्रमाण १०० पैकी ९ च्या आसपास जाते, आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर १० च्या आसपास. पण हा धोका जन्मभराचा आहे. पुरुषांत आजार बहुतेक वेळा विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांत काही वर्षे उशिरा. मुलगा ३१ चा आहे आणि ठणठणीत आहे, म्हणजे त्याच्या वाट्याचा मोठा धोका मागे पडला आहे. होणाऱ्या मुलांसाठी तो आजारी माणूस काका. सख्ख्या काकाला आजार असेल तर पुतण्याला धोका १०० पैकी २ ते ३.

चाचणी का नको, तेही सांगतो. स्किझोफ्रेनियाचे असे एखादे जनुक नसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगातल्या मोठ्या अभ्यासात धोक्याशी जोडलेल्या जनुकसंचातील २८७ जागा सापडल्या. त्यातल्या बहुतेक जागांचा वाटा अगदी किंचित. सगळ्यांची बेरीज करून गुण काढता येतात, पण त्या गुणांवरून एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही. शिवाय हे गुण मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बसवलेले असल्याने आपल्याकडे ते आणखीच ढिले पडतात. हुबेहूब जुळ्यांत एकाला आजार असला तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला तो होत नाही.

तुमच्या स्थळात खरा मुद्दा नात्याचा आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलेच नाही. आत्तेभाऊ-मामेबहिणीच्या लग्नात मुलाला एकाच पूर्वजाकडून एकाच जनुकाच्या दोन प्रती मिळण्याची शक्यता १६ पैकी १. आपल्या भागात मामाशीही लग्ने होतात, तिथे ती ८ पैकी १. यामुळे बहिरेपणा, मतिमंदत्व, काही चयापचयाचे आजार वाढतात. कोणत्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोषाचा धोका सुमारे २ ते ३ टक्के असतो, सख्ख्या आत्ते-मामे नात्यात त्यात आणखी सुमारे २ ते ३ टक्क्यांची भर पडते. त्यात तुमची मुलगी त्या आजारी मुलाची मामेबहीण आहे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा थोडासा वारसा तिच्याकडूनही येऊ शकतो. तेव्हा तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा. कोण मतिमंद होते, कोणाला फिट्स येत, कोणते बाळ लहानपणी गेले, कोणाचे लग्न नात्यात झाले, सगळे लिहा आणि जनुकीय समुपदेशकाला दाखवा.

आजारी मुलाची जनुक चाचणी मात्र एका परिस्थितीत उपयोगी पडते. त्याला सोबत हृदयाचा जन्मजात दोष, टाळूला फट, फिट्स किंवा बौद्धिक मंदत्व असेल, तर २२ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असू शकतो. असा तुकडा नसलेल्या सुमारे चौथाई लोकांना पुढे स्किझोफ्रेनिया होतो. डॉक्टरांना नेमके हेच विचारा.

प्रश्न (निपाणी): मुलगा स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन ३०० मिलिग्रॅम घेतो. दिवसाला विडीचा एक कट्टा जातो. आता त्याने विडी सोडायची ठरवली, तर डॉक्टर म्हणतात डोस कमी करावा लागेल. घरच्यांना हे पटत नाही. विडीचा आणि गोळीचा काय संबंध?

उत्तर: अगदी थेट संबंध आहे, आणि तंबाखूच्या भागात तो प्रत्येक घराला माहीत असायला हवा. क्लोझापिन यकृतातल्या सीवायपी१ए२ या विकराने (एन्झाइमने) मोडते. विडी-सिगारेटच्या धुरातले डांबरी घटक हा विकर वाढवतात, म्हणून ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी उरते आणि डोस चढवावा लागतो. विडी बंद झाली की आठवड्याभरात विकर खाली येतो आणि तोच डोस जास्त होतो. रक्तातली पातळी दीडपटीपर्यंत, कधी त्याहूनही वर जाते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. तंबाखू चघळल्याने किंवा मिश्री लावल्याने हा विकर वाढत नाही. त्यामुळे विडी सोडून तंबाखू धरली तरी डोस कमी करावाच लागेल.

इथे जनुकांचा भाग दुय्यम आहे. सीवायपी१ए२ मध्ये माणसागणिक फरक असतात, पण धुराचा जोर त्यांच्यापेक्षा मोठा.

विडी कोणत्या तारखेला सोडणार ते डॉक्टरांना आधी सांगा. पहिले दोन-तीन आठवडे त्याच्यावर नजर ठेवा. झोप खूप वाढणे, उशी भिजेल इतकी लाळ, चालताना तोल जाणे, छाती धडधडणे, आणि सर्वांत आधी मलावरोध. क्लोझापिनचा मलावरोध जिवावर बेततो, दोन दिवस शौचाला झाली नाही तर थांबून राहू नका. शक्य असेल तर रक्तातली पातळी तपासा. नमुना शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचा. ३५० नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा थोडे वर असेल तर बरे, ६०० च्या पुढे गेल्यास फिट्सचा धोका वाढतो. ताप आणि न्यूमोनियातही पातळी चढते.

उलटे झाले तर? मुलाने पुन्हा विडी धरली आणि तुमच्यापासून लपवली, तर पातळी घसरून आवाज ऐकू येणे परत सुरू होईल आणि सगळे म्हणतील औषधाने दगा दिला. म्हणून लपवाछपवीवर रागावू नका, विचारा. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त गोळ्या चुकल्या तर थेट ३०० वर परत जाऊ नका. पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवत जावे लागते. पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, ती चुकवू नका.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): एका लॅबने सांगितले, लाळेवरून चाचणी करून नैराश्याचे योग्य औषध कळते. एस्सिटालोप्राम घेऊन तीन आठवडे झाले, गुण नाही. चाचणी करू का?

उत्तर: इतक्यात नाही. पुरेशा डोसवर ४ ते ६ आठवडे द्या. चाचणी तुमच्या मनाला कोणते औषध मानवेल हे सांगत नाही, यकृत ते किती वेगाने मोडेल एवढेच सांगते. एस्सिटालोप्रामसाठी सीवायपी२सी१९ हे जनुक महत्त्वाचे. त्याची संथ आवृत्ती असणारे लोक आपल्याकडे युरोपपेक्षा जास्त आहेत. त्यांना साध्या डोसनेही मळमळ आणि बेचैनी जास्त होते. अतिवेगवान आवृत्तीवाल्यांना नेहमीचा डोस अपुरा पडतो. पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरील एका मोठ्या अभ्यासात चाचणीनुसार औषध निवडल्याचा फायदा लहान होता आणि २४ आठवड्यांनी तोही ठळक राहिला नाही.

आधी तुमचा औषधांचा डबा तपासा. ॲसिडिटीची ओमेप्राझोल या जनुकाने बनणारा विकरच अडवते. जनुक सामान्य असले तरी ती गोळी घेणाऱ्याचे यकृत संथ चालते, आणि जनुक-अहवालात हे उमटत नाही. दोन औषधे पुरेशा डोसला फसली, किंवा किरकोळ डोसलाच फार त्रास झाला, तर चाचणी विचारात घ्या. तेव्हा फक्त हिरव्या-लाल रंगांचा तक्ता घेऊन येऊ नका, प्रत्येक जनुकाच्या नेमक्या आवृत्त्या लिहून मागा. तो कागद जपून ठेवा. पुढे हृदयासाठी क्लोपिडोग्रेल द्यायची वेळ आली तर सीवायपी२सी१९ ची माहिती तिथेही उपयोगी पडते.

प्रश्न (चिकोडी): पत्नीला मूडच्या आजारासाठी कार्बामाझेपिन द्यायचे आहे. आधी एचएलए चाचणी सांगितली आहे. ती टाळता येईल का?

उत्तर: टाळू नका. एचएलए ही प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुके. त्यातली एचएलए-बी*१५:०२ ही आवृत्ती असणाऱ्यांना या औषधाने कातडी सोलवटणारी, जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ पासून आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी हा इशारा ठळकपणे दिला आहे. चाचणी सकारात्मक आली तर दुसरे औषध घ्या. नकारात्मक आली तरी पहिले तीन महिने पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर गोळी त्याच क्षणी बंद आणि सरळ मोठे रुग्णालय. वर्षानुवर्षे विनातक्रार घेत असतील, तर मग चाचणीची गरज नाही.

प्रश्न (भालकी): वडिलांना बायपोलर आजारात (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) लिथियमने कमालीचा गुण आला. मलाही तोच आजार आहे. मलाही येईल?

उत्तर: शक्यता चांगली आहे. लिथियमचा प्रतिसाद घराण्यात चालतो, आणि तुमच्या डॉक्टरांसाठी कोणत्याही चाचणीपेक्षा वडिलांची जुनी फाइल आज जास्त उपयोगी आहे. डोस, पातळी, किती वर्षे, सगळे दाखवा. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, पातळी बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइड दर सहा महिन्यांनी. कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्यांनी लिथियमची पातळी चढते; पॅरासिटामॉल चालते. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तरी तसेच होते, डॉक्टरांना सांगा. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात काम करताना पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नका. हात थरथरायला लागले आणि सोबत जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी पातळी तपासा.

प्रश्न (बेळगाव): बंगळूरच्या संशोधनासाठी आमच्या कुटुंबातील सर्वांचे रक्त मागितले आहे. फॉर्म इंग्रजी-कन्नडमध्ये आहे. सही करावी का?

उत्तर: आजारी आणि निरोगी नातेवाईक एकत्र मिळाले तरच अशा अभ्यासांना जोर येतो, त्यामुळे आमचे मत द्या असेच आहे. पण मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कळणाऱ्या भाषेत माहिती मिळणे आणि हवे तेव्हा माघार घेणे, दोन्ही तुमचे हक्क आहेत, आणि माघारीमुळे उपचार थांबत नाहीत. रक्त किती वर्षे ठेवणार, परदेशी पाठवणार का, योगायोगाने दुसरा गंभीर दोष सापडला तर कळवणार का, हे विचारा. वैयक्तिक अहवाल सहसा मिळत नाही, त्या आशेने देऊ नका. आणि घरातील एखाद्याने नको म्हटले, तर त्याचे रक्त इतरांच्या सहीवर घेता येत नाही.