२५ पटीचा स्कोप घेऊ का?

प्रश्न : मी डेन्व्हरला राहतो. हरणाची शिकार आणि ६०० यार्डांवरची नेमबाजी, दोन्हींसाठी एकच स्कोप (रायफलवरची दुर्बीण) हवा आहे. ५ ते २५ पट मोठं दाखवणारा घेऊ का?

उत्तर : दादा, मोठ्या आकड्यावर जाऊ नका. माझ्या पहिल्याच शिकारीत स्कोप २५ वर राहिला होता. साठ पावलांवर झुडपातून हरीण निघालं आणि मला दिसले फक्त तपकिरी केस. खांदा की मांडी, कळेना. मी गोळी झाडली नाही.

दुसरं म्हणजे उजेड. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. ५० मिलिमीटरचं भिंग २५ पटीवर डोळ्याला जेमतेम २ मिलिमीटरचा झोत देतं, १० पटीवर ५. तुमच्या कोलोरॅडोत सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार चालते, तेव्हा हाच फरक जाणवतो. ३ ते १५ पट, ४४ मिलिमीटर भिंग तुम्हाला पुरे. पॅरॅलॅक्सची चकती, म्हणजे अंतरानुसार फिरवून जुळवायची चकती, मात्र हवीच. नाहीतर लांबवर डोकं जरासं हललं तरी क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) निशाणावरून सरकते. नेम जुळवायच्या चकतीचा पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे इथे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ६०० यार्डांवर नेम सुमारे दीड इंच सरकवतो, तेवढं नेमबाजीला चालतं.

उरलेले पैसे स्कोप रायफलवर पक्का धरणाऱ्या चांगल्या रिंगांवर घाला.