काळ्या ओट्यावरचे राखाडी ठिपके

प्रश्न : काका, सुदामानगरातल्या आमच्या घराचं काम दिवाळीआधी संपलं. स्वयंपाकघरात जेट ब्लॅक ग्रॅनाइटचा ओटा करून घेतला. थंडीत गराडू (आमच्याकडचा कंद) तळले, वर लिंबू पिळलं, आणि थेंब पडले तिथे राखाडी ठिपके उमटले. घासूनही जात नाहीत. फरशीवाला म्हणतो, ‘भाभीजी, आपने एसिड डाला होगा.’ सासूबाई म्हणतात, रोज खोबरेल चोळ. काय करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, आधी खोबरेलाची वाटी आत ठेवा. तेलाने दोन दिवस चकाकी दिसते, मग त्यावर धूळ बसते, पीठ चिकटतं आणि ओटा कायमचा चिकट होतो.

आता लिंबाचं. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार लिंबाच्या रसाला दाद देत नाहीत. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचा वेगळाच काळा खडक असतो, पण तोही गराडूवरच्या चार थेंबांनी असा लगेच डागाळत नाही. म्हणजे तुमच्याकडे दोनांपैकी एक गोष्ट झाली असावी. एक तर करड्या दगडाला रंग किंवा तेल पाजून काळं केलेलं आहे. नाही तर ग्रॅनाइटच्या नावाखाली पॉलिश केलेला कडप्पा बसवला आहे. कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू त्याला खातंच.

ओळखायचं कसं? हार्डवेअरच्या दुकानातून साधं ॲसिटोन आणा. गॅस बंद करा, खिडकी उघडा, आणि गॅसच्या शेगडीमागे, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे पांढऱ्या सुती फडक्याने चोळा. फडकं काळं झालं तर रंग. फडकं स्वच्छ राहिलं तर त्याच कोपऱ्यात सुरीचं टोक ओढून बघा. खऱ्या ग्रॅनाइटवर सुरीच बोथट होते, कडप्प्यावर चरा पडतो. हे दोन्ही फरशीवाल्यासमोर करा. त्याचा ‘एसिड’चा मुद्दा तिथेच मिटेल.

रंग निघाला तर सगळा ओटा ॲसिटोनने पुसून घ्या, टप्प्याटप्प्याने. खाली गडद करडा दगड निघेल. तो वाईट नसतो हो, मला तर त्या खोट्या काळेपणापेक्षा बरा वाटतो. काळाच हवा असेल तर दगड गडद करणारा सीलर, म्हणजे दगडात मुरून छिद्रं बुजवणारा द्रव, मिळतो. तो मात्र अधूनमधून पुन्हा लावावा लागतो. कडप्पा निघाला तर ठिपके जायला मशीनने पुन्हा पॉलिश हवं, आणि लिंबू-चिंच ताटलीतच ठेवायची.

आपल्या माळव्याच्या जमिनीत बेसॉल्ट आहे, ग्रॅनाइट नाही. तो येतो राजस्थानातल्या जालोरहून, नाही तर कर्नाटक-आंध्रातून, ट्रकाने. खाण आपण पाहत नाही, म्हणून दुसऱ्या खोलीसाठी दगड घेताना पैसे देण्याआधी एक कापलेला तुकडा मागून घरी आणा. एका टोकाला लिंबू, दुसऱ्या टोकाला तेल, रात्रभर. तुकडा द्यायला नाही म्हणणाऱ्याकडून मी दगड घेत नाही.

प्रश्न : आमचा ओटा पांढरट ग्रॅनाइटचा आहे. तेलाच्या बरणीखाली गोल काळसर डाग पडलाय, आणि सिंकच्या नळाभोवती पांढरा थर. बोरिंगचं पाणी वापरतो.

उत्तर : फिक्या ग्रॅनाइटला बारीक छिद्रं असतात, तेल त्यांतून आत उतरतं. वरून घासून ते येणार नाही, ओढूनच काढावं लागतं. खायच्या सोड्यात पाणी घालून दाटसर लेप करा, डागावर जाड थापा, वर प्लॅस्टिक चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, मग खरवडा. डाग जुना असेल तर दोन-तीनदा करावं लागेल. डाग गेला की पाण्याचे थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा. खाली दगड गडद झाला तर सीलर लावायची वेळ आली.

नळाभोवतीचा थर बोरिंगच्या पाण्यातल्या क्षारांचा. ओला करून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. संडासासाठी आणलेलं ॲसिड ओट्याजवळ आणूच नका. देवघर संगमरवरी असेल तर तिथे व्हिनेगरही नको. आणि सिंक रोज रात्री कोरडं पुसलं तर थर धरणारच नाही. ज्या दिवशी नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशीसुद्धा पुसा.

प्रश्न : बाथरूममध्ये पॉलिशचा ग्रॅनाइट घालावा का? घरात आजी आहेत.

उत्तर : नको. फ्लेम किंवा लेदर फिनिश, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचा दगड, मागा. आधीच घातला असेल तर त्यावर घसरण थांबवणाऱ्या पट्ट्या लावा, आणि आजींच्या हाताच्या उंचीवर भिंतीत पक्का दांडा बसवा, टॉवेलचा नव्हे.