‘धूर’ या शब्दाचे मराठीत कोणकोणते अर्थ आणि उपयोग आहेत?

मूळ संस्कृत ‘धूम’. जळताना निघतो तो धूर, हे झालंच. खरी गंमत वाक्प्रचारांत आहे. ‘घरातून सोन्याचा धूर निघतो’ म्हणजे अफाट श्रीमंती. त्याच श्रीमंतीचा माज आला की ‘डोळ्यांवर धूर चढला’.

‘धुरी’ मात्र मुद्दाम द्यायची: बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून. (बाळाच्या छातीला हा धूर बरा नाही, असं आता डॉक्टर सांगतात.)

धुराडं, धुरकट, धुरकं ही याच घरातली. ‘धुरा सांभाळणे’मधली धुरा वेगळी, ती जोखडाची. विदर्भात तर शेताच्या बांधालाही धुराच म्हणतात.