चेंज म्हणजे बदल, मग सुट्या पैशांना चेंज का?

अमळनेरच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे: ‘वर्गात मुलांनी अडवलं. चेंज म्हणजे बदल, मग वडील दुकानात “चेंज आहे का?” म्हणतात ते काय? हे दोन वेगळे शब्द आहेत का? आणि दोन्हीकडे चालेल असा एकच मराठी शब्द आहे का?’

शब्द एकच आहे, ताई. मुलांना जो अर्थ उपरा वाटला, तोच खरं तर मुळाच्या जास्त जवळचा.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कांबियारे’ असं क्रियापद होतं. अर्थ, एक वस्तू देऊन दुसरी घेणं. युरोपात चलन बदलून देणाऱ्या दुकानांवर ‘कांबियो’ अशी पाटी दिसते, ती याच घराण्यातली. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘चांजिएर’सारखं रूप झालं आणि 1200च्या सुमारास ते इंग्रजीत आलं. पुढे फ्रेंचांनी ‘च’चा ‘श’ केला, इंग्रजीने जुना ‘च’ राखला. लॅटिनने हा शब्द युरोपातल्या जुन्या केल्टिक भाषांकडून घेतला आणि तिथे मुळाशी ‘वाकणं’ हा अर्थ होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

म्हणजे आधी देवाणघेवाण. एक गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं. मग देणारा-घेणारा कुणी नसतानाही, नुसतं एकाचं दुसरं झालं तरी तोच शब्द चालू लागला: रंग बदलला, हवा बदलली. मोठं नाणं देऊन तेवढ्याच किमतीची लहान नाणी घेणं हा तर उघडच विनिमय. वस्तूची किंमत वळती करून परत मिळणाऱ्या रकमेलाही सतराव्या शतकात इंग्रज ‘चेंज’ म्हणत होते. व्यापारी जिथे जमत ती जागा ‘एक्स्चेंज’. लंडनचं रॉयल एक्स्चेंज 1571मध्ये सुरू झालं, आणि त्यालाही लोक तोंडात बसेल असं नुसतं ‘चेंज’ म्हणत.

आता आपल्या ‘बदल’कडे बघा, मला हा भाग फार आवडतो. हा शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला, आणि त्याचाही मूळ अर्थ ‘एकाच्या जागी दुसरं’ हाच. मोबदला, अदलाबदल, बदला ही सगळी त्याचीच भावंडं. अमळनेरला, धुळ्याला कापडगिरण्या होत्या. गिरणीतला ‘बदली कामगार’ म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी उभा राहणारा. तिथे मूळ अर्थ जसाच्या तसा जिवंत होता. आपलं ‘बद्दल’सुद्धा तिथलंच. ‘साखरेबद्दल गूळ घातला’ म्हणतो तेव्हा साखरेच्या जागी गूळ. ‘विषयी’ हा अर्थ त्याला नंतर आला. लॅटिन आणि अरबी या दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही, तरी दोन्ही शब्द ‘एकाच्या जागी दुसरं’ इथून निघून एकाच ठिकाणी पोचले.

मात्र ‘बदल’ने सुट्या पैशांचं काम मराठीत कधी केलं नाही, कारण त्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द होतेच. ‘भाऊ, चिल्लर शे का?’ हे खान्देशातल्या कुठल्याही बसस्टँडवर ऐकू येतं. ‘चिल्लर’ तेलुगू-कन्नडातही आहे. ‘खुर्दा’ फारसी, म्हणजे बारीक तुकडे. गावांच्या नावांतला ‘खुर्द’ त्याचाच नातलग. कंडक्टर उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचा आणि म्हणायचा, ‘उतरताना घ्या, आत्ता सुटे नाहीत.’ आणि नोट मोडली की मिळते ती ‘मोड’. हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी आहे, तरुणांच्या तोंडून जवळजवळ गेला, याचं मला वाईट वाटतं. लिंगावर तेवढं लक्ष ठेवा: मटकीला आला तो मोड, शंभराची मिळाली ती मोड.

पैसे बदलून देणं हा ज्यांचा धंदा, ते सराफ. जळगावचा सराफ बाजार आज सोन्यासाठी नावाजलेला असला, तरी ‘सराफ’चा मूळ अर्थ नाणी पारखून बदलून देणारा. त्या अदलाबदलीत तो कापून घेई तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना हा हिशेब कुणाच्या ध्यानातही नसतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्हीकडे चालेल असा एक शब्द मराठीत नाही, आणि शोधूही नये. दुकानात सुटे किंवा मोड मागा. सातबाऱ्यावर फेरफार होतो, नोकरीत बदली होते. दोन दिवस तोरणमाळला जाऊन आलात तर ती हवापालट. रोजच्या वरणभातात मध्येच कळण्याची भाकरी आणि ठेचा आला, तर तो रुचिपालट. ‘जरा चेंज म्हणून’ याला इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे, तो मुलांना जरूर सांगा.